कॅरिबियनच्या रिसॉर्टवर कुटुंबासह पहिलं स्कूबा: तयारी घरूनच करून निघा

अमेरिकेत आणि कॅनडात राहणारी आपली बरीच मंडळी मुलांच्या डिसेंबरच्या किंवा मार्चच्या सुट्टीत कॅन्कून, रिव्हिएरा माया, पुंता काना, जमैका अशा ठिकाणी ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टवर जातात. भारतातून आलेले आजी-आजोबाही सोबत असतात. मनगटावर पट्टी बांधली की खाणं, पिणं, पोहण्याचे तलाव, मुलांचा क्लब, सगळं त्यात आलं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूलपाशी एक टेबल दिसतं. शेजारी सिलिंडर आणि मास्क मांडलेले असतात. हसतमुख इन्स्ट्रक्टर म्हणतो, "पंधरा मिनिटं पूलमध्ये करून बघा, फुकट आहे." बघता बघता दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीवर घरातल्या चौघांची नावं लागलेली असतात.

त्या इन्स्ट्रक्टरविरुद्ध माझं काहीच म्हणणं नाही. पूलमध्ये करून बघणं चांगलंच. पण समुद्रात जायचं की नाही, कोणी जायचं आणि कोणत्या दिवशी, हे त्या टेबलापाशी ठरवू नये. ते घरी ठरवावं, शक्यतो दोन महिने आधी. डॉक्टरांची सही, पोहण्याचा सराव, अभ्यासाचा भाग आणि परतीच्या विमानाचा हिशोब या गोष्टी तिथे पोचल्यावर जमवता येत नाहीत. त्या झालेल्या असतील तर रिसॉर्टवर फक्त समुद्राची मजा उरते.

पट्टीत काय येतं

बहुतेक ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमध्ये स्कूबा पट्टीत येत नाही. पूलमधली पहिली चव फुकट असते, पुढच्या प्रत्येक डाइव्हचे वेगळे पैसे. स्कूबाचं दुकान बरेचदा रिसॉर्टचं नसतंच, बाहेरच्या कंपनीने तिथे चालवायला घेतलेलं असतं. म्हणून रिसॉर्टला दिलेले स्टार बघून स्कूबाच्या दर्जाचा अंदाज बांधू नका. त्या डाइव्ह सेंटरचं नाव आधी काढा आणि त्याच्याबद्दल वेगळं वाचा.

काही साखळ्या याला अपवाद आहेत. सँडल्स आणि त्यांचीच कुटुंबांसाठीची बीचेस ही रिसॉर्ट्स प्रमाणपत्र असलेल्यांना डाइव्हिंग पॅकेजमध्येच देतात. सँडल्स फक्त जोडप्यांसाठी आहे, मुलं असतील तर बीचेस. पण तिथेही ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याला शिकण्याचे पैसे वेगळे पडतात. म्हणजे घरातल्या दोघांनी निघण्याआधी प्रमाणपत्राचा बराचसा भाग उरकला असेल, तर अशा ठिकाणी आठवडाभरात चांगलाच फायदा होतो.

नुसतं करून बघायचं की शिकायचं

नवख्यांसाठी दोन वाटा आहेत, आणि त्यांच्यात फार फरक आहे.

पहिली म्हणजे डिस्कव्हर स्कूबा, इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली एखादी डाइव्ह. डाइव्हिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या पाडी या संस्थेच्या नियमाप्रमाणे त्यासाठी वय किमान 10 वर्षं लागतं आणि जास्तीत जास्त 12 मीटरपर्यंत जाता येतं. थोडी माहिती, पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात दोन-चार गोष्टींचा सराव, मग समुद्र. याने प्रमाणपत्र मिळत नाही.

दुसरी म्हणजे ओपन वॉटर हा पूर्ण कोर्स. यात ऑनलाइन अभ्यास आणि परीक्षा, पूलमधला सराव आणि समुद्रातल्या 4 डाइव्ह असतात. तो केला की जगभर कुठेही, आपल्यासारख्याच प्रमाणपत्रधारक जोडीदाराबरोबर, 18 मीटरपर्यंत जाता येतं.

तारकर्लीला किंवा अंदमानला "स्कूबा केलंय" असं बरेच जण सांगतात. अनुभव म्हणून तो छानच आहे. पण तिथे इन्स्ट्रक्टरने सिलिंडरला धरून फिरवलेलं असतं, हवा कमीजास्त करण्यापासून खोली सांभाळण्यापर्यंत सगळं त्याच्या हातात असतं. कॅरिबियनमधल्या टेबलावर "याआधी डाइव्ह केली आहे का?" असं विचारतील तेव्हा "हो" एवढंच म्हणून थांबू नका. किती खोल, किती वेळ आणि कोणाच्या हाताला धरून, हेही सांगा. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे रीतसर कोर्सही होतात. तो केलेला असेल तर गोष्ट वेगळी, कार्ड सोबत घ्या.

कोर्स करायचा असेल तर माझी शिफारस एकच: अभ्यास आणि पूलचा भाग घराजवळच्या डाइव्ह शॉपमध्ये उरकून घ्या, आणि रेफरल फॉर्म, म्हणजे एवढा भाग झाल्याचा त्यांचा कागद, घेऊन निघा. मग रिसॉर्टवर फक्त समुद्रातल्या 4 डाइव्ह उरतात, दोन सकाळींत होतात. सगळा कोर्स सुट्टीतच करायचा म्हटलं तर तीन-चार दिवस त्यातच जातात, आणि बाकीचं घर समुद्रकिनाऱ्यावर तुमची वाट बघत बसतं. रेफरल कागद साधारण वर्षभर चालतो, त्यामुळे थंडीत पूलचा भाग करून ठेवायलाही हरकत नाही.

तब्येतीचा फॉर्म: इथेच सगळ्यात जास्त गाडी अडते

प्रत्येक डाइव्ह सेंटर समुद्रात नेण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतं. पहिल्या पानावर 10 प्रश्न असतात. दमा, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया, फिट येणं, मधुमेह, पाठीचं दुखणं, चालू असलेली औषधं, गरोदरपण, असे विषय त्यात येतात. 45 च्या पुढचं वय हाही त्यातलाच एक प्रश्न आहे. तिथे "हो" आलं की पुढच्या पानावर धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि घरातल्या हृदयविकाराबद्दल विचारतात. तिथेही "हो" आलं तर डॉक्टरांच्या सहीशिवाय डाइव्ह नाही.

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळिशीत बीपीची गोळी सुरू असणं, साखर थोडी वर असणं हे घरोघरी आहे. त्याचा अर्थ स्कूबा करता येणार नाही असा नाही. रक्तदाब आटोक्यात असलेले, चालते-फिरते कितीतरी लोक डॉक्टरांच्या संमतीने डाइव्ह करतात. पण ती सही रिसॉर्टवर मिळवणं अवघड आणि महाग असतं, आणि न मिळाल्यास सकाळी आठ वाजता बोट तुम्हाला सोडून निघते.

मग टेबलापाशी एक मोह होतो. कोणी तरी हळूच सांगतं, "सगळीकडे नाही लिहून टाका." हे करू नका. स्वतःसाठीही नको आणि मुलाच्या दम्याबाबत तर मुळीच नको. दम्याचा संबंध थेट फुप्फुसातून हवा बाहेर पडण्याशी आहे, आणि पाण्याखाली नेमकं तेच सर्वांत महत्त्वाचं असतं.

फॉर्म इंटरनेटवर मिळतो. घरातल्या प्रत्येकाने महिनाभर आधी तो प्रामाणिकपणे भरावा. एक जरी "हो" आलं तर तो घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावं, सही-शिक्का घ्यावा आणि मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवावा. डॉक्टरांना डाइव्हिंगची माहिती नसेल तर डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, या संस्थेच्या वैद्यकीय माहितीकडे त्यांना वळवा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये असलेली ही संस्था 1980 पासून नेमकं हेच काम करते. तिची तातडीची फोनलाइनही असते. तो नंबर निघण्याआधी मोबाइलमध्ये साठवा. तिचाच डाइव्हिंगचा विमा मिळतो. नेहमीच्या प्रवास विम्यातून स्कूबा बरेचदा वगळलेलं असतं, म्हणून पॉलिसीचं ते कलम वाचूनच निघा.

पोहणं, आणि नाकाचा एक सराव

ओपन वॉटर कोर्सला न थांबता 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं आवश्यक असतं. डिस्कव्हर स्कूबाला अशी परीक्षा नसते, त्यामुळे "पोहता येत नसलं तरी चालतं" असं सांगितलं जातं. नियमाने ते बरोबरही आहे. तरी माझं मत ठाम आहे: ज्याला पाण्यात डोकं घालायची भीती वाटते, त्याला पहिल्यांदा समुद्रात दहा मीटर खाली नेऊ नये. आधी तरंगायला शिकावं. महिन्याभराच्या पोहण्याच्या शिकवणीने खूप फरक पडतो.

पूलमध्ये करायचा एक सराव सांगते. कंबरभर पाण्यात उभं राहा, मास्क न लावता फक्त स्नॉर्कलची नळी तोंडात धरा आणि चेहरा पाण्यात बुडवून श्वास घ्या. नाक पाण्यात उघडं असतं, आणि श्वास फक्त तोंडाने घ्यायचा असतो. पहिल्या वेळी नाकात पाणी जातं, ठसका लागतो, माणूस झटकन वर येतो. चार-पाच दिवस केलं की घसा आपोआप नाकाची वाट बंद ठेवायला शिकतो. समुद्रात मास्कमध्ये थोडं पाणी शिरल्यावर घाबरणारे बहुतेक जण याच गोष्टीने घाबरतात. दहा वर्षांच्या मुलांना तर हा सराव खेळासारखा करून घ्यावा.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधी मागवा किंवा डाइव्ह सेंटरला ईमेलने नंबर कळवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, कडक नाहीत. मिशी भरघोस असेल तर मास्क वरच्या ओठापाशी गळतो. नाकाखालची एक पट्टी तासून घेतली तरी पुरतं.

ठिकाण आणि महिना

सगळ्या कॅरिबियनचा समुद्र एकसारखा नाही. मेक्सिकोच्या युकातानपासून होंडुरासच्या बेटांपर्यंत साधारण 1,000 किलोमीटर लांबीची मेसोअमेरिकन प्रवाळरांग आहे, ऑस्ट्रेलियाखालोखाल जगात दुसरी. कॅन्कून, प्लाया देल कार्मेन आणि कोझुमेल तिच्याच काठाला आहेत. कोझुमेलचं नाव डाइव्हिंगमध्ये फार मोठं आहे, पण तिथे प्रवाह असतो. बोट एका ठिकाणी सोडते आणि दुसरीकडे उचलते. प्रमाणपत्र घेतलेल्याला ते सुखाचं वाटतं, पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र किनाऱ्याजवळची शांत, उथळ जागाच मागावी. कॅन्कूनजवळ पाण्याखालचं मूसा संग्रहालय आहे. मांचोनेस भागात साधारण 8 मीटरवर जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराने घडवलेले माणसांचे पुतळे उभे आहेत. नवख्यांना ती खोली सोयीची पडते. त्याचाच पुंता निझुकचा भाग फक्त स्नॉर्कलिंगसाठी, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याच्या वरच पोहण्यासाठी आहे, त्यामुळे डाइव्ह न करणाऱ्या घरच्यांना तिथे नेता येतं.

रिव्हिएरा मायातल्या सेनोटे, म्हणजे जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या गुहा, फोटोत मोहक दिसतात. प्रमाणपत्राशिवाय तिथे डाइव्हसाठी जायचं नाही. वर छत असलं की घाबरून सरळ वर येता येत नाही. तिथे पोहा, स्नॉर्कलिंग करा.

पुंता कानाची रिसॉर्ट्स बरीचशी अटलांटिकच्या बाजूला आहेत, तिथे लाटा जास्त. त्याच देशात, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, बायाहिबे गाव कॅरिबियनच्या बाजूला आहे, पाणी शांत. स्कूबा हा सहलीचा मुख्य हेतू असेल तर मुक्कामच बायाहिबेला ठेवावा.

चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जोराचा. डिसेंबर ते फेब्रुवारीत मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर उत्तरेचे वारे सुटतात, आणि बंदर अधिकारी एक-दोन दिवस बोटी बंद ठेवतात. पाणी हिवाळ्यात 26 अंशांच्या आसपास, उन्हाळ्याच्या शेवटी 29. वाचायला 26 उबदार वाटतं, पण चाळीस मिनिटांत लहान मुलं कुडकुडतात, म्हणून त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख, मागा. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर येऊन पडतं. 2011 पासून हे वाढलं आहे. किनाऱ्यावर त्याचा ढीग असला तरी बोटीने बाहेर गेल्यावर डाइव्ह नीट होते, त्यामुळे वाळूकडे बघून लगेच बुकिंग रद्द करू नका.

आठवड्याचा हिशोब परतीच्या विमानापासून

डाइव्ह करताना शरीरात नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरेसा निघायच्या आत विमानात बसलं तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात, आणि त्यातून सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. एकच साधी डाइव्ह असेल तर किमान 12 तास, अनेक डाइव्ह असतील तर किमान 18 तास विमान नाही, ही मान्य मार्गदर्शिका आहे. कुटुंबासोबत असताना मी सरळ 24 तास धरायला सांगेन. हिशोब सोपा, आणि उड्डाणाची वेळ बदलली तरी अंगाशी येत नाही. जमैकात असाल तर डाइव्हनंतर त्याच दिवशी ब्लू माउंटन्सची सहलही ठेवू नका. उंचीचा परिणाम तोच.

शनिवार ते शनिवारचा मुक्काम धरू. रविवारी विश्रांती आणि पूलमधला सराव. सोमवारी घरच्यांबरोबर स्नॉर्कलिंग, समुद्राची ओळख. मंगळवार आणि बुधवारी सकाळी डाइव्ह. गुरुवार राखीव, वाऱ्यामुळे बोट बंद राहिली तर. शुक्रवारी काही नाही. ज्यांचे पाच रात्रींचेच मुक्काम असतात त्यांनी डाइव्ह दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उरकावी, "शेवटच्या दिवशी करू" म्हणून ठेवू नये.

दोघंही आई-बाबा एकाच बोटीवर जाणार असतील तर मुलांपाशी कोण, हे आधी ठरवा. मुलांच्या क्लबची वेळ आणि सकाळच्या बोटीची वेळ बरेचदा जुळत नाही. बोट आठ-साडेआठला निघते, क्लब नऊला उघडतो. आजी-आजोबा असतील तर छानच, पण त्यांनी सगळी सकाळ वाळूवर तीन नातवंडं सांभाळायची का, हे त्यांनाच विचारा. आम्ही ओळखीच्या कुटुंबांना सुचवतो ते असं की मंगळवारी एकाने जावं, बुधवारी दुसऱ्याने. मोठं मूल असेल तर ते दोन्ही दिवस आळीपाळीने एकेकासोबत.

आणि रात्रीचं पिणं. पट्टीत सगळं असतं म्हणून हात सैल सुटतो. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं, आणि पाणी कमी असलं की नायट्रोजनचा धोका वाढतो. डाइव्हच्या आदल्या रात्री दारू नको, डाइव्ह संपेपर्यंत तर मुळीच नको.

टेबलापाशी काय विचारायचं

भीड बाळगू नका, हे प्रश्न कोणताही चांगला इन्स्ट्रक्टर आनंदाने ऐकून घेतो:

- एका इन्स्ट्रक्टरमागे समुद्रात किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर जाऊ नका. मूल सोबत असेल तर दोनच मागा, त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी.
- किती खोल आणि किनाऱ्यावरून की बोटीवरून?
- बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि तो वापरायला शिकलेलं माणूस?
- नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास झाला तर उपचारासाठी जवळचा दाबकक्ष, म्हणजे जास्त दाबाची बंद खोली, कुठे? कोझुमेल बेटावर ती आहे.
- आमच्याबरोबर पाण्यात उतरणारा इन्स्ट्रक्टर पूलमध्ये शिकवणाराच आहे का?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूलमध्ये तुमची भीती, तुमचे कान मोकळे व्हायला लागणारा वेळ ज्याने पाहिला, तोच खाली असेल तर फार बरं.

बोटीवर जाण्याआधी

मंगळसूत्र, अंगठ्या, कानातलं, सगळं खोलीतल्या तिजोरीत. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी सहज निसटते, शिवाय चकाकणाऱ्या वस्तूंनी बॅराकुडासारखे मासे जवळ येतात. लांब केसांची घट्ट वेणी घाला, कपाळावरचे केस मास्कच्या रबराखाली राहिले तर पाणी गळत राहतं. ज्यांना नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत अवघडल्यासारखं होतं त्यांनी पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड आणि लेगिंग घालून वर वेटसूट चढवावा. त्याने उन्हापासूनही बचाव होतो आणि सनस्क्रीन कमी लागतं. प्रवाळाला सनस्क्रीनमधली काही रसायनं बाधतात, मेक्सिकोच्या सागरी उद्यानांत त्यावर निर्बंधही आहेत.

नाश्त्याचा बुफे समोर असतो, पण टोस्ट, केळं, थोडी फळं एवढंच घ्या. बोट लागत असेल तर त्याची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीपासून. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी खाऊन जायचा विचारही नको. गोळीचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कान आणि सायनस कोंडतात.

पाण्याखालची पहिली दहा मिनिटं

घाट उतरताना किंवा विमान उतरताना कानात दडे बसतात, तेच इथे होतं, फक्त फार लवकर. पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंतच दाब दुप्पट होतो, म्हणून पहिल्या काही मीटरमध्ये कानाला सर्वांत जास्त त्रास. नाक मास्कवरून चिमटीत धरायचं, तोंड बंद, हळूच नाकातून हवा ढकलायची. कान "टक्" करून मोकळा होतो. हे दुखायला लागायच्या आधीच करायचं. डोकं पाण्याखाली गेल्या गेल्या एकदा, मग प्रत्येक हातभर खोलीला एकदा. पाय खाली, डोकं वर ठेवून, दोर धरून उतरा. कान मोकळा झाला नाही तर थांबा, हातभर वर या, पुन्हा करा. तरीही नाही झाला तर इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवून पंजा आडवा हलवा. त्याचा अर्थ "काहीतरी ठीक नाही". ढकलून खाली जाऊ नका, पडदा फाटतो.

श्वासाचा नियम एकच आणि तो कधीही मोडायचा नाही: श्वास रोखायचा नाही. 10 मीटरवर फुप्फुसं भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास धरून वर आलात तर ती फुप्फुस फाडू शकते, आणि त्यासाठी दहा मीटरही लागत नाहीत, मीटर-दीड मीटर पुरतं. म्हणून लांब, संथ उच्छ्वास, बुडबुडे सतत. वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा हळू, आणि शेवटी 5 मीटरवर 3 मिनिटं थांबा. इन्स्ट्रक्टर हे सगळं करवून घेतो, पण तो का थांबलाय हे तुम्हाला माहीत असलं की मन शांत राहतं.

खुणांमध्ये एक गोष्ट घरी मुलांकडून पक्की करून घ्या. अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, "वर चला". मस्त सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. उत्साहाने अंगठा दाखवणाऱ्या मुलांना इन्स्ट्रक्टर गुपचूप वर घेऊन जातो, आणि ती हिरमुसतात.

मास्कमध्ये पाणी आलं तर वरची कड कपाळावर दाबा, वर बघा, नाकातून हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. पूलमधला तो नाकाचा सराव इथे कामी येतो.

कान सुटले, श्वास मार्गी लागला की मग आजूबाजूला बघायला सुरुवात होते. सुरुवातीला फक्त निळं दिसतं. मग डोलणारे जांभळे समुद्री पंखे, म्हणजे पंख्यासारखे मऊ प्रवाळ, मोठ्या रांजणांएवढे स्पंज, आणि प्रवाळ कुरतडणारे पॅरटफिश. जरा गप्प राहिलात तर त्यांच्या कुरतडण्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. कासव दिसलं तर त्याच्या मागे धावू नका, त्याच्या बाजूने राहा, ते स्वतःच्या गतीने चरत राहतं. काट्यांचा देखणा लायनफिश दिसेल. तो मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला, कॅरिबियनमध्ये तो उपरा आहे आणि इथल्या लहान माशांचा फडशा पाडतो. कशालाही हात लावू नका. फायर कोरल नावाचं पिवळट-तपकिरी प्रवाळ हात लागताच भाजल्यासारखं चरचरतं.

मोठे गोल प्रवाळ कुठे कुठे पांढरे, मेलेले दिसतील. 2014 मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा दिसलेला प्रवाळाचा एक रोग 2018 मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यापर्यंत पोचला, आणि शतकानुशतकं वाढलेल्या वसाहती काही महिन्यांत गेल्या. मुलं "हे पांढरं का?" असं विचारतील. त्यांना खरं सांगा. त्यांना ते समजतं, आणि मग फिन्स कुठे लागताहेत याकडे ती आपल्यापेक्षा जास्त लक्ष देतात.

मुलांबद्दल थोडं वेगळं

आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी पाडीचा बबलमेकर प्रकार आहे. जास्तीत जास्त 2 मीटर, पूलमध्ये किंवा पूलसारख्या शांत पाण्यात. दहा पूर्ण झाली की ज्युनियर ओपन वॉटर करता येतं. मात्र 10 आणि 11 वर्षांच्या मुलांना 12 मीटरचीच मुभा, तीही प्रमाणपत्रधारक आई-वडील किंवा व्यावसायिक सोबत असताना. 12 ते 14 वयात प्रमाणपत्रधारक प्रौढासोबत 18 मीटर. काही रिसॉर्ट्स स्वतःचा नियम करून किमान वय 12 ठेवतात, आधी विचारून घ्या.

वय बसलं म्हणजे मूल तयार झालं असं नाही. ते स्वतःहून विचारतंय का, इन्स्ट्रक्टरने सांगितलेल्या तीन गोष्टी पुन्हा सांगू शकतंय का, त्रास होतोय हे बोलून दाखवतंय का, हे बघा. आणि बोटीवर ऐन वेळी ते "नको" म्हणालं तर तो विषय तिथेच संपला. "एवढे पैसे भरलेत" हे वाक्य त्या बोटीवर कोणीही उच्चारू नये, आजोबांनीसुद्धा. वर बसून पाणी पिऊ द्या, शेजारी बसा. बहुतेक वेळा पुढच्या सुट्टीत तेच मूल आपण होऊन विचारतं.

परत आल्यावर

भरपूर पाणी प्या, दुपारी जड व्यायाम नको. पुढच्या चोवीस तासांत सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, नेहमीपेक्षा फार जास्त थकवा असं काही वाटलं तर "दमलो असेन" म्हणून झोपू नका. डाइव्ह सेंटरला लगेच कळवा, ऑक्सिजन मागा, डॅनला फोन करा. विमानात बसू नका, तिकीट गेलं तरी चालेल.

बोटीवरच्या लोकांसाठी डॉलरच्या सुट्या नोटा जवळ ठेवा. सिलिंडर उचलणारी, तुम्हाला शिडीवरून ओढून घेणारी मुलं बहुतेक टिपेवरच असतात, आणि टीप तुमच्या पट्टीत येत नाही.

रेफरलवर गेला असाल तर चेक-आउटच्या आदल्या दिवशी कागद पूर्ण करून घ्या: चारही डाइव्हच्या तारखा, इन्स्ट्रक्टरची सही आणि त्याचा क्रमांक, आणि कार्डावर येणारं नाव पासपोर्टप्रमाणे, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह की त्याशिवाय, ते त्याच्यासमोर बसून तपासा. घरी परतल्यावर स्पॅनिश बोलणाऱ्या दुकानाला ईमेल करून एक अक्षर दुरुस्त करून घेण्यात आठवडे जातात.